मानेमागचा आकडा

त्या मंगळवारी मी बारक्याच्या दुकानात पेचकस मागायला गेलो होतो. हे अर्थातच खोटं. पेचकस माझ्याकडे सतरा आहेत, आणि त्यातले दोन बारक्यानेच माझ्याकडे शिकत असताना वाकवलेले आहेत. पण ‘तुझं बरं चाललंय का ते बघून जीव जाळायला आलोय’ असं सांगून कुणाच्या दुकानात शिरता येत नाही, म्हणून पेचकस. आमचा धंदा एकच. लोकांच्या डोक्यात काहीबाही येतं, ते आम्ही त्यांच्या हातात देतो. कुणी रुमालावर चित्र काढून आणतं, कुणी नुसतेच हवेत हात फिरवून ‘असं काहीतरी’ म्हणतं, आणि त्या ‘असं काहीतरी’चा पहिला नग आम्ही करतो, तो चालतो का ते बघतो, आणि चालला तर पाचशे नग काढून देणाऱ्या एखाद्या लहान कारखानदाराशी त्या माणसाची गाठ घालून देतो. चाळीस वर्षं मी हेच केलं. मी केलेल्या उंदराच्या पिंजऱ्यात इतकी हवा खेळायची की उंदीर सहकुटुंब राहायला आले आणि मांजर नको म्हणून तक्रार करू लागले. हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे हसतात. बारक्या अकरा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलाशी बसून हेच ऐकत होता. आता तो बारीक राहिलेला नाही, पंचेचाळिशीला आलाय, त्याचं पोट त्याच्या आधी दारातून आत शिरतं, आणि माझी निम्मी गिऱ्हाइकं त्या पोटामागोमाग गेली आहेत. त्याच्याकडे टूथपेस्ट पिळल्यासारखं प्लास्टिक पिळून वस्तू उभी करणारं यंत्र आहे. मी त्या यंत्राकडे बघतच नाही. बघतच नाही म्हणून ते किती इंच उंच आहे आणि त्याच्या मागच्या बाजूला कुठली वायर सैल आहे हे मला पाठ आहे.

“या काका,” बारक्या म्हणाला, आणि टेबलावरच्या एका कागदावर त्याने घाईने वर्तमानपत्र सरकवलं. घाई झाली, पण उशीरही झाला. कागदावर पेन्सिलीने काढलेली कसलीशी कमान होती, तिच्या कडेला मापं होती, आणि त्या मापांमधला नऊ गोगलगायीसारखा होता. असा नऊ या जगात एकच बाई काढते. तिच्याशी माझं लग्न झालेलं आहे. शिवाय तो कागद म्हणजे कॅलेंडरच्या मार्च महिन्याची पाठ होती, तारखा आरपार दिसत होत्या, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचा मार्च संपायच्या आधीच दोन आठवडे नाहीसा झालेला होता. झुरळांनी खाल्ला असेल, असं ती म्हणाली होती. माझ्या आत आटे झिजलेला स्क्रू नुसता गरगर फिरत राहावा तसं काहीतरी झालं. फिरतोय, पण धरत नाही. “कुठला पेचकस हवा काका?” “सपाट.” “सपाट नाहीत तुमच्याकडे?” “आहेत रे, पण आज सगळे माझ्यावर रुसलेत.” बारक्या पोट हलवून हसला. मी पेचकस खिशात टाकला. परत करायचा म्हणजे परत यायला निमित्त झालं, एवढं सुचण्याइतकी बुद्धी त्याही अवस्थेत माझ्याकडे शिल्लक होती.

घरी आलो तर ती खिडकीशी बसून चष्मा पुसत होती. तीस वर्षं टपाल कचेरीत शिक्के मारून निवृत्त झालेली बाई. हिच्या डोक्यात कमान कुठून आली? आणि आली तर चाळीस वर्षं ज्याच्या अंगाला पितळेचा वास येतो त्या माणसाला ओलांडून ती पुढच्या गल्लीत कशी गेली? “चालायला गेली होतीस?” मी विचारलं. “हो.” “भर उन्हात?” “सावली बघून चालते.” “बारक्याच्या गल्लीत सावली बरी असते.” “हो का?” ती म्हणाली, “तुम्हाला बरं माहीत.” आणि चष्मा डोळ्यांवर चढवून तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं ती पत्ता अर्धवट असलेल्या पाकिटाकडे बघत असे. पुढचे तीन दिवस मी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं, म्हणजे बायकोवर पाळत ठेवली. लोकांच्या बायका अत्तराचा वास घेऊन घरी येतात आणि नवरे वेडे होतात; माझ्या बायकोच्या चष्म्याच्या घरात मला पितळेचा भुगा सापडला. बोटावर घेऊन मी तो उजेडात धरला. भरड होता. बारक्याची कानस. त्याला किती वेळा सांगितलं होतं, शेवटचा हात बारीक कानशीने मार म्हणून. भुग्याकडे बघताना मला तिची आणि त्याची डोकी एका दिव्याखाली एकमेकांजवळ आलेली दिसली, ती म्हणतेय ‘इथे जरा कमी कर’, तो म्हणतोय ‘एवढं पुरे का काकू?’, आणि माझे कान गरम झाले. एकोणसत्तराव्या वर्षी. बारक्याने तिचा हात धरला असता तर मला इतकं लागलं नसतं, कारण तो हात बाजूला करता येतो. तिच्या डोक्यात आलेली वस्तू त्याने पहिल्यांदा पाहिली, ते कसं बाजूला करणार?

असं नाही की तिला पूर्वी कधी काही सुचलंच नव्हतं. रात्रीच्या जेवणाला मी पोळी तोडत होतो आणि एकदम मला तो स्पंज आठवला. वीस-बावीस वर्षं झाली असतील. तिकिटं चिकटवताना जीभ लावावी लागते, म्हणून बोटात घालायची एक टोपी करावी, तिच्या टोकाला ओला स्पंज बसवावा, असं ती एका संध्याकाळी मला म्हणाली होती. चित्रही काढलं होतं बहुतेक. मी काय केलं? दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं की आमच्या हिने जीभ वाचवायचं यंत्र शोधलंय, टपाल कचेरीतल्या सगळ्यांच्या जिभा तिकिटांना चिकटून परगावी गेल्यात, आणि आता गावोगावच्या लोकांना पाकीट फोडलं की आत जीभ सापडते, तीही बडबड करणारी. काय रंगली होती गोष्ट! बारक्या तर हसून हसून टेबलाखाली गेला. आणि मी मान वर केली तर ती दारात उभी, हातात माझा डबा. तीही हसली होती. मला पक्कं आठवतंय, ती हसली होती, आणि तेव्हा मला ते पुरेसं वाटलं होतं. पोळीचा घास तोंडातच राहिला. समोर ती आमटी वाढून घेत होती, तिच्या चेहऱ्यावर स्पंजाचं काहीच नव्हतं, आणि ती टोपी मी बारा मिनिटांत करून देऊ शकलो असतो. बाराही नाही. आठ.

शुक्रवारी मी पेचकस परत करायला गेलो. दुकानासमोर माल घेऊन टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून गल्ली डोक्यावर घेत होता. “काका, देवासारखे आलात. पाच मिनिटं बसता का दुकानात? ही प्लास्टिकची रिळं उतरवून घेतो,” म्हणून बारक्या बाहेर पळाला. देवासारखा! मी त्याच्या खुर्चीत बसलो. टेबलावर मऊ फडक्याखाली काहीतरी होतं. मी फडकं उचललं नाही, ते थोडं सरकलं. खाली पितळेची बोटभर लांबीची कमान होती, मानेच्या मागे बसेल अशी वळवलेली. तिच्या एका टोकाला बारीक चिमटा, साखळीची कडी पकडून ठेवणारा. दुसऱ्या टोकाला दोन स्क्रूंनी बसवलेली पट्टी, आणि त्या पट्टीत खाच. चित्र मला तेव्हा कळलं नव्हतं, वस्तू मात्र हातात घेताच कळली, कारण असली कामं मला डोक्यापेक्षा बोटांनी लवकर कळतात. गळ्यातली साखळी एकटीला मागे लावता यावी यासाठी हे होतं. कडी चिमट्यात, कमान मानेवर, आणि एका हाताने आकडा आणून खाचेत सरकवला की तो घसरत जाऊन आपला आपण कडीत बसणार. इतकं साधं. मला मत्सराची कळ आली ती आधी कारागिराची होती, हे कबूल करतो. हे मला का सुचलं नाही? आणि मग तिच्यामागून, तिला ढकलत, दुसरी आली.

कारण तो आकडा माझा होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहायची, दोन्ही हात मानेमागे, कोपरं पंखांसारखी वर, आणि म्हणायची, “अहो, जरा येता का?” मी यायचो. तिच्या आजोळची ती साखळी इतकी बारीक होती की तिचा आकडा नखाने उघडावा लागे, आणि एका क्षणात लागणारा तो आकडा मी चार-चार मिनिटं लावत बसे. लागत नाही म्हणायचो. तिच्या मानेवर डावीकडे एक तीळ आहे. माझा श्वास तिथे लागला की तिची त्वचा शहारायची आणि आरशात ती मला सांगायची, “लागलाय तो, कळतंय मला.” मग धंदा वाढला. मग “अहो, येता का”ला मी बाल्कनीतल्या टेबलावरून “आलो, आलो” म्हणू लागलो, आणि येता येता एक स्क्रू, एक छिद्र, शेवटचा एक घास कानशीचा. ती तशीच उभी. कोपरं वर. किती वेळ उभी असेल? एकदा मी पोचलो तर हात खाली सोडून ती पलंगावर बसली होती आणि साखळी तळहातावर. “हात धुऊन या, तेल आहे,” म्हणाली. मी धुवायला गेलो आणि परत येताना कुणाचा तरी फोन आला. तिने बोलावणं कधी बंद केलं, ते आठवत नाही. साखळी घालायची हौस वयाबरोबर गेली असेल, असं मी धरून चाललो होतो. आणि आता माझ्या तळहातावर माझ्या जागी बसायला आलेला हा पितळेचा तुकडा, जो लगेच येतो, ज्याच्या हाताला तेल नाही, ज्याला कुणाचा फोन येत नाही. बाहेर बारक्या ड्रायव्हरला सांगत होता, “अरे हळू, दगड आहेत का ते!”

तेव्हा मला ती खाच उलटी दिसली. तिचं तोंड डावीकडे होतं. जगातली माणसं उजव्या हाताने आकडे लावतात; खाचेचं तोंड उजवीकडे हवं. आणि लगेच मला हसू आलं, कारण हे मीच बारक्याला शिकवलेलं होतं. पहिल्या नगात एक खोट मुद्दाम ठेवायची, गिऱ्हाइकाला सहज सापडेल अशी. फार वर्षांपूर्वी मी एका गृहस्थाला आपोआप झुलणारा पाळणा करून दिला होता, इतका बिनचूक की त्यातलं बाळ तीन दिवस उठलंच नाही, शेवटी पाळण्यालाच डुलकी लागली तेव्हा उठलं. बरं, बाळाचं सोडा. पण तो गृहस्थ खरा होता. त्याने पाळण्याला हात लावला, इकडून बघितला, तिकडून बघितला, सांगायला काही सापडेना, आणि त्याचा चेहरा उतरला. ही वस्तू तर तुमची आहे, म्हणाला. गेला तो पुन्हा आलाच नाही. तेव्हापासून मी खोट ठेवतो. गिऱ्हाईक ती पकडतं, “हे चुकलंय हो!” म्हणून ओरडतं, आम्ही कान पकडतो, आणि वस्तू त्याची होते. म्हणजे आता ती येणार, खाच बघणार, बारक्याला रागावणार, तो जीभ चावणार, दोघं हसणार, आणि कमान तिची होणार. मी न पाहिलेला तो प्रसंग मला इतका स्पष्ट दिसला की माझा हात खिशात गेला. खिशात पेचकस होता. दोन स्क्रू, पट्टी उलटी केली, कमानीच्या वळणाशी ती जुळेना म्हणून टेबलावरची कानस उचलून कड जरा घासली, खाचेचा ओठ जरा खाली घेतला. पाचव्या मिनिटाला नग बिनचूक होता. आता शोध खोट. आता बघ तुझा चेहरा कसा उतरतो. फडकं जसं होतं तसं टाकलं. बारक्या घाम पुसत आत आला, “उपकार झाले काका.” “अरे, त्यात काय,” मी म्हणालो, आणि पेचकस टेबलावर ठेवून घरी आलो. वाटेत मी शीळ घालत होतो, असं वाटतं.

शनिवारी दुपारी तीनला ती घरी आली ती सरळ कपाटाच्या आरशासमोर गेली. लपवाछपवी संपली होती म्हणजे. “पाच वाजता बटणांचा कारखानदार येतोय बारक्याकडे,” तिने मला पाठमोरंच सांगितलं, “त्याला आवडलं तर तो माझी वस्तू काढणार आहे. मी एक वस्तू केलीय.” कधी नव्हे ते माझ्या तोंडून गोष्ट निघाली नाही. तिने साखळी घेतली. कडी चिमट्यात अडकवली, कमान मानेवर ठेवली, आणि आकडा घेऊन डावा हात मागे नेला. डावा. आकडा पट्टीवर खरखरला आणि सुटला. पुन्हा नेला. पुन्हा सुटला. “काल सकाळी बसत होता,” ती आरशाला म्हणाली. मी दारात उभा होतो आणि तिच्या उजव्या हाताकडे बघत होतो. तो खाली होता, कपाटाच्या कडेवर टेकलेला, आणि त्याचा अंगठा तळव्याच्या दिशेने असा दुमडलेला होता जसा गंजलेला बिजागर अर्ध्यात राहतो. “अंगठ्याला काय झालंय?” मी विचारलं. ती वळली. “दोन वर्षं झाली,” ती म्हणाली. दोन वर्षं ती चहाचा कप डाव्या हाताने देत होती. कुलूप डाव्या हाताने. डब्याचं झाकण काखेत धरून. मला केसाएवढा फरक नुसत्या डोळ्याने कळतो, अशी माझी ख्याती आहे; पसरवली मीच, पण खरी आहे. “बारक्याला सांगितलंस?” “कुणाला सांगितलं नाही. मी बिस्किटाचा पुडा फोडत होते, त्याने बघितलं. म्हणाला, काकू, मग खाच डावीकडून ठेवूया.”

तिने कमान मानेवरून काढली, चष्मा लावला आणि पट्टीवरून बोट फिरवलं. सावकाश. टपालातल्या बाईला शिक्का कुठला ते विचारावं लागत नाही. “हा बारक्याचा हात नाही,” ती म्हणाली. “तो पुढेमागे घासतो. हे एकाच बाजूने घासलंय. चाळीस वर्षं हा आवाज ऐकत मी झोपलेय.” मला वाटलं आता ती ओरडेल. ती ओरडली असती तर मी काहीतरी जुळवलं असतं, उंदीर आणला असता मध्ये, वारा आणला असता. “मला वाटलं त्याने खोट ठेवलीय,” मी म्हणालो. “म्हणून दुरुस्त केलीत?” “नाही. तुला सापडू नये म्हणून.” हे वाक्य मी कुठून आणलं कोण जाणे, माझ्या तोंडात असली वाक्यं नसतात. ती पलंगाच्या कडेला बसली. “माझ्याकडे का नाही आणलंस?” मी विचारलं. आवाज चमत्कारिक आला, एखाद्या गिऱ्हाइकाचा असतो तसा. “तुमच्याकडे आणलं असतं तर तुम्ही त्याची गोष्ट केली असती. मला वस्तू हवी होती.” मग घड्याळाकडे बघून म्हणाली, “सव्वातीन झालेत. नीट करता येईल का तेवढं बोला.”

पट्टी गेलेली होती, ओठ खाली घेतल्यावर तो परत वर येत नाही. बाल्कनीतल्या टेबलावर मी नवी पट्टी कापली. ती शेजारी उभी राहिली आणि माझ्या हातांवर लक्ष ठेवून होती. माझ्यावर पाळत ठेवायची पाळी आता तिची होती, आणि तिला ती न लपवता ठेवता येत होती. “तोंड डावीकडे,” ती म्हणाली. “कळलं.” “आणि थोडं रुंद. आकडा पहिल्यांदा चुकतोच.” “किती?” “तुम्हीच बघा ना, केसाएवढं कळतं ना तुम्हाला?” मी खाच रुंद केली. घासताना मला वाटत होतं की मी माझ्याच बदलीचा हुकूम टंकतोय, आणि तो चुकू नये म्हणून जीव तोडतोय. “ही माझ्यानंतरची सोय का गं?” मी मान खाली ठेवूनच विचारलं. हे जरा करुण वाटावं अशी माझी अपेक्षा होती. “तुमच्यानंतरची कशाला?” ती म्हणाली. “तुम्ही असतानाचीच आहे.” मी शेवटचा हात बारीक कानशीने मारला. खोट ठेवली नाही. मनात आलं होतं, पण हात तयार होईना.

ती आरशासमोर उभी राहिली. मी दोन पावलं मागे, जिथे पूर्वी उभा राहायचो त्याच्या थोडं मागे. कडी चिमट्यात, कमान मानेवर, डावा हात मागे. आकडा खाचेच्या तोंडाशी एकदा अडखळला, घसरला, आणि टिक असा आवाज आला. झालं. तीन श्वास. तिने कमान काढून पिशवीत टाकली, साखळीवरून बोटं फिरवली आणि आरशात स्वतःकडे बघून हसली. माझ्याकडे बघून हसायची तशी नव्हे. मी आरशात होतोच, पण त्या हसण्याच्या वाटेवर नव्हतो. मग तिने चपला घातल्या. “मी येऊ का बरोबर?” “कशाला? तुम्ही तिथे काहीतरी सांगत बसाल.” “नाही सांगणार.” “सांगाल. तो बटणवाला हसेल, आणि मग माझं राहून जाईल.” हे ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. तिने दार उघडलं. तिच्या मानेवर डावीकडचा तीळ दिसत होता, आणि त्याच्या वरून साखळी गेलेली होती, नुकतीच लावलेली, आणि ती लावताना तिथे कुणाचाही श्वास लागलेला नव्हता. “अगं थांब,” मी म्हणालो, “साखळी वाकडी बसलीय मागे. आण, सरळ करतो.”

ती थांबली. उंबऱ्यावर एक पाय, पाठ माझ्याकडे. तिचा डावा हात थोडा वर गेला, मानेपर्यंत गेला नाही. माझे हात मी पुसून ठेवले होते, दोनदा, साबणाने. क्षणभर तिने मान किंचित पुढे झुकवली असं मला वाटलं, किंवा तिने पायरी बघितली असेल.

“असू दे वाकडी,” ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

साखळी अगदी सरळ होती.